सह्याद्रीतील सहकुटुंब डोंगरयात्रा : पाण्याच्या अंगाने एक आढावा

पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात एक-दोन रात्री मुक्कामाला जाणारी कुटुंबे महाराष्ट्रात आता विरळ राहिलेली नाहीत; तरीही या विषयाचा विचार अजून मुख्यतः तरुण गिर्यारोहकांच्या नजरेने होतो, आणि आठ-दहा वर्षांचे मूल, चाळिशीतले आईवडील व प्रसंगी साठी ओलांडलेली आजी अशा एकत्र चालणाऱ्या मेळाव्याच्या गरजा त्यातून बहुधा निसटतात. प्रस्तुत लेखात ‘कौटुंबिक डोंगरयात्रा’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने घेतली आहे : ज्या प्रवासात कुटुंब आपले अन्न, अंथरूण व पाणी स्वतः वाहते, वाहन सोडून किमान काही तास चढते आणि डोंगरावर किंवा त्याच्या कुशीतल्या गावात किमान एक रात्र काढते, ती डोंगरयात्रा. धबधब्याखाली दोन तास घालवून संध्याकाळी परतणे ही सहल होय, आणि या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्यामुळेच बरेचसे अपघात घडतात, हे पुढे स्पष्ट होईल.

या आढाव्याचे उभे राहण्याचे ठिकाण बदलापूरच्या पूर्व भागातील खरवई हे आहे, आणि ते निवडण्यास कारण आहे. मुंबई-ठाण्यातील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात येऊन राहिलेल्या नोकरदार कुटुंबांना डोंगर हा दूरचा विषय राहत नाही. खरवईच्या औद्योगिक वसाहतीच्या आणि नव्या इमारतींच्या पलीकडे दक्षिणेकडून नैऋत्येपर्यंत मलंगगड, तावली, नवरा-नवरी, म्हैसमाळ, चंदेरी, नाखिंड, पेब आणि माथेरान अशी सलग रांग पसरलेली आहे. दुसऱ्या बाजूने उल्हास नदी वाहते, जिचे पाणी राजमाची-लोणावळ्याच्या दऱ्यांतून उतरून कर्जतमार्गे बदलापुरास येते. आणि कल्याण-कर्जत लोहमार्गावरील लोकल गाडी वांगणी, नेरळ, भिवपुरी, कर्जत या पायथ्याच्या स्थानकांवर अल्प भाड्यात उतरवते. स्वतःची मोटार नसलेल्या कुटुंबाला इतक्या डोंगरवाटा इतक्या जवळ असणारी नागरी वस्ती महाराष्ट्रात फारशी नाही.

सहकुटुंब डोंगर चढणे ही अलीकडची हौस आहे, असा समज मात्र चुकीचा ठरेल. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनास तान्ही मुले कडेवर घेऊन चढणाऱ्या बायका, खांडसहून घाटवाटेने भीमाशंकरास जाणारे महाशिवरात्रीचे यात्रेकरू आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास मलंगगडावर लोटणारी सर्व धर्मांची गर्दी, ही या प्रवासाची जुनी आणि अजून जिवंत असलेली रूपे आहेत. या यात्रांना वाट ठरलेली असे, मुक्काम ठरलेला असे, आणि पाणी कोठे मिळेल हे आधीच्या पिढीने दाखवून ठेवलेले असे. विसाव्या शतकात या परंपरेला दुर्गभ्रमणाची जोड मिळाली. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने गड हा केवळ इतिहासाचा विषय न राहता पायी अनुभवण्याचा विषय झाला, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी हे भ्रमण लेकी-जावयासह चालत आले. १९४९ साली स्थापन झालेली युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया, १९५४ मधील मुंबईची गिरिविहार, १९८२ मधील पुण्याची गिरिप्रेमी आणि किल्ल्यांची माहिती चिकाटीने गोळा करणारी डोंबिवलीची ट्रेकक्षितिज या संस्थांनी वाटांचे ज्ञान सार्वत्रिक केले. तथापि यांपैकी बहुतेक कार्याचा रोख तरुणांकडे राहिला. कुटुंबांसाठी वेगळी शिबिरे भरवणाऱ्या युथ हॉस्टेल्ससारख्या संस्था अपवादच होत.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे यावे लागेल, आणि तो गाभा पाणी हा आहे. हिमालयात किंवा आल्प्समध्ये शिखराखाली जी नैसर्गिक तळी आढळतात, ती हिमनद्यांनी खडक कोरून केलेल्या खळग्यांत साठलेली असतात. सह्याद्रीवर हिमनद्या कधी वाहिल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला हा बेसाल्टचा प्रदेश आहे; कठीण थराचे उभे कडे आणि मऊ थराचे उतार अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना असल्याने पावसाळ्यातील तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पाहता पाहता खाली निघून जातो आणि उरलेले आठ महिने माथे कोरडे पडतात. म्हणून सह्याद्रीतील जवळजवळ प्रत्येक गिरिजलाशय मानवनिर्मित आहे. दोन थरांच्या सांध्यातून जेथे पाणी पाझरते तेथे, किंवा माथ्यावरील उतार जेथे एकवटतो तेथे, जुन्या काळच्या पाथरवटांनी खडक फोडून पाणी साठवण्याची जागा केली, तिला टाके म्हणतात. टाके आत खोल खोदून छत तोलण्यासाठी मूळ खडकाचेच खांब राखले असतील, तर ते खांबटाके. त्याच्यावर ऊन पडत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि त्यामुळे उघड्या टाक्यांनी तळ गाठल्यानंतरही खांबटाक्यात पाणी राहू शकते. तटबंदीसाठी दगड काढल्यावर जो खळगा राहिला त्यालाच बांध घालून अनेक गडांवर तलाव केले गेले, म्हणजे एकाच खोदकामातून भिंत आणि पाणी अशी दोन्ही कामे साधली. राजगडावरील पद्मावती तलाव, रायगडावरील गंगासागर, कोरीगडाच्या पठारावरील दोन तलाव आणि हरिश्चंद्रगडावरील सप्ततीर्थ पुष्करणी (पुष्करणी म्हणजे देवळाजवळचे पायऱ्यांचे बांधीव कुंड) ही या जलव्यवस्थेची नामांकित उदाहरणे आहेत. यांतील राजगड आणि रायगड हे २०२५ साली ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. या गौरवाच्या चर्चेत तट-बुरुजांवर जितके लिहिले गेले, त्याच्या दशांशही टाक्यांवर लिहिले गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण पाण्यावाचून तो तट एक उन्हाळाही लढवता आला नसता.

पाण्याचे गणित कुटुंबाच्या पाठीवर कसे उतरते, हे एका हिशेबाने कळते. चढाच्या दिवशी पिणे व स्वयंपाक मिळून माणशी तीन ते चार लिटर पाणी लागते, आणि लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. चौघांच्या कुटुंबाला एका दिवसासाठी बारा ते सोळा किलो पाणी वाहावे लागले, तर वडिलांची सॅक त्यानेच भरते. अंथरूण, शिधा, औषधे यांना जागा राहत नाही. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक ओझे देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाने स्वतःची पाण्याची बाटली, एक गरम कपडा आणि खाऊ एवढेच वाहावे. सारांश, मुक्कामाच्या ठिकाणी पिण्याजोगे पाणी आहे की नाही, यावर ती वाट कुटुंबाला झेपेल की नाही हे ठरते, आणि शिखराची उंची हा त्यामानाने दुय्यम निकष ठरतो. टाक्याचे पाणी घेण्याचीही एक रीत आहे : गावकऱ्यांना विचारून पिण्याचे टाके कोणते ते ठरवावे, त्यात हातपाय वा भांडी बुडवू नयेत, दोरीला बांधलेल्या स्वच्छ भांड्याने पाणी शेंदावे, दुहेरी सुती फडक्यातून गाळावे आणि चांगले उकळू द्यावे. उंचीमुळे कळसूबाईसारख्या ठिकाणी पाणी ९४-९५ अंश सेल्सिअसलाच उकळते, परंतु रोगजंतू मरण्यास तेवढी उष्णता पुरते.

या निकषावर खरवईच्या अगदी समोरची रांग तपासली असता निष्कर्ष काहीसा अनपेक्षित निघतो. जवळ म्हणून सोपे, असे येथे नाही. चंदेरीला वांगणी किंवा बदलापूरकडून चिंचवली-गोरेगाव परिसरातून वाट जाते. खिंडीपर्यंतचा चढ घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडमातीचा, असून उतरताना लहान मुलांचे पाय त्यावर टिकत नाहीत. गुहेत मोजकीच माणसे झोपू शकतात, जवळच्या टाक्यावर हिवाळा सरल्यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि गुहेपुढचा माथ्याचा कातळटप्पा दोरावाचून कोणीही करू नये असा आहे. मलंगगडावर दर्ग्यापर्यंत पायऱ्यांची वहिवाटीची वाट असल्याने तेथवर आजीआजोबाही जातात, परंतु त्यावरील बालेकिल्ला सरावलेल्या गिर्यारोहकांचाच आहे. नाखिंडचे नेढे, म्हणजे कड्याच्या धारेत वाऱ्या-पावसाने पडलेले आरपार भोक, बदलापूरकरांच्या नजरेत रोज भरते. तरी तेथेही पाणी आणि सावली दोन्ही दुर्मीळ आहेत. म्हणून या रांगेत कुटुंबाने पहिला मुक्काम करावा तो तिच्या दक्षिण टोकाला, माथेरानला. १८५० साली ह्यू मॅलेट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस आलेले आणि १९०७ पासून छोट्या रेल्वेने नेरळशी जोडलेले हे सुमारे ८०० मीटर उंचीचे पठार २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मोटारींना बंदी असल्याने मुलांना मोकळेपणी चालता येते, आणि शार्लट तलाव हा गावाचा पाणीसाठा असल्याने पर्वतमाथ्यावरचे तळे पाहण्याची इच्छाही पुरी होते. त्या तलावात उतरू नये, हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावे.

खऱ्या अर्थाने कौटुंबिक म्हणता येईल अशी डोंगरयात्रा कर्जतच्या बाजूला सापडते. राजमाची हे तिचे उत्तम उदाहरण होय. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर, उधेवाडी हे गाव आहे. तेथे घरगुती जेवण व निवारा मिळतो, गावाजवळ बांधीव तलाव आणि त्याच्या काठी जुने शिवमंदिर आहे, आणि दोन्ही बालेकिल्ले हाकेच्या अंतरावर असल्याने ओझे गावात ठेवून रिकाम्या हाताने शिखर गाठता येते. कर्जतहून कोंदिवडे आणि कोंडाणे लेण्यांच्या वाटेने चढ उभा आहे. त्याउलट लोणावळ्याकडून येणारी सुमारे पंधरा किलोमीटरची वाट लांब असली तरी बहुतांशी सपाट आहे. मुले दहा वर्षांखालची असतील तर लोणावळ्याकडून जाऊन कोंडाण्याकडे उतरण्याचा मोह टाळावा, कारण दमलेल्या मुलांचे गुडघे चढापेक्षा उतारावर आधी हार मानतात. आल्या वाटेनेच परतणे श्रेयस्कर. कोथळीगड, ज्याला पायथ्याच्या वाडीवरून पेठचा किल्ला असेही म्हणतात, हा दुसरा पर्याय आहे. सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर जाण्याचा तेथील अनुभव मुलांच्या कायम लक्षात राहतो आणि पेठ गाव मुक्कामास जवळच आहे. भीमाशंकरला खांडसहून दोन वाटा निघतात : शिडी घाट कातळातल्या शिड्यांचा व अवघड, तर गणेश घाट लांब पण निर्धोक, कुटुंबाने दुसरीच वाट धरावी. राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, याच अभयारण्यात सहज दिसते.

तळे आणि शिखर हे दोन्ही एकत्र हवे असेल, तर मात्र भंडारदऱ्याला पर्याय नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामुळे प्रवरा नदीवर निर्माण झालेला आर्थर जलाशय, त्याच्या एका अंगाला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आणि दुसऱ्या टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर व त्यामागचा रतनगड, अशी ही रचना आहे. बारी गावातून कळसूबाईचा चढ ८०० मीटरहून अधिक असून अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने १८९२ साली दिलेला ठोकताळा असा, की ताशी पाच किलोमीटर चाल धरावी आणि प्रत्येक ६०० मीटर चढास एक तास वाढवावा. त्या हिशेबाने हा चढ अडीच-तीन तासांचा भरतो, परंतु मुलांसह हीच वेळ दीडपट ते दुप्पट धरणे शहाणपणाचे. शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि त्या रांगेत ताटकळलेले मूल उन्हाने जितके थकते तितके चालण्याने थकत नाही. यास्तव पहाटे निघावे किंवा आडवार निवडावा. हरिश्चंद्रगडही याच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे जाण्यास पाचनईची वाट कुटुंबांसाठी सर्वांत सोयीची, खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट मोठ्या मुलांसाठी, आणि नळीची वाट कुटुंबांनी केवळ ऐकून ठेवावी अशी आहे. केदारेश्वराच्या गुहेत भल्या मोठ्या शिवलिंगाभोवती कमरेएवढे थंडगार पाणी बारमाही साठलेले असते, चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, आणि कोकणकड्याची अंतर्वक्र भिंत तेथून थोड्याच अंतरावर आहे. कड्याच्या काठावर पालथे पडून खाली पाहण्याची प्रथा आहे; मुलांना ती करू द्यायचीच असेल, तर मोठ्या माणसाने घोटे धरून, एकेकालाच.

हंगामाच्या प्रश्नावर बहुसंख्य कुटुंबांची निवड चुकते, असे स्पष्ट म्हणावे लागेल. लोक जून ते सप्टेंबर या काळात निघतात, कारण डोंगर हिरवा असतो. परंतु त्याच काळात ओढे काही मिनिटांत फुगतात. पाऊस वरच्या पाणलोटात पडतो आणि लोंढा खाली, जेथे आभाळ कदाचित निवळलेले असते, तेथे येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत मुले होती. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकून पडली होती. जी नदी रेल्वेगाडी अडवते, तिला मिळणाऱ्या ओढ्यांत मूल उभे करणे हा धोका कोणत्याही आनंदाच्या मोलाचा नाही. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या कुंडांवर प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते, ते त्यामुळेच. मार्च ते मे हा काळ दुसऱ्या कारणाने वाईट : टाकी आटतात, कातळ तापतो आणि आग्या मोहोळाच्या मधमाश्या धुराने वा तीव्र वासाने उठतात. राहिला तो दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ, आणि सह्याद्रीतील मुक्कामी कौटुंबिक यात्रांसाठी तोच योग्य होय. या दिवसांत टाकी भरलेली असतात, वाटा सुकलेल्या असतात, आणि रात्री माथ्यावर थंडी पडत असल्याने मुलांना कानटोपी व जाड अंथरूण लागते.

सह्याद्रीत तयार झालेली अनेक मराठी कुटुंबे पुढे हिमालयाकडे वळतात. उत्तराखंडातील देवरिया ताल व सुमारे ३००० मीटरवरील डोडीताल ही तळी मुलांसह गाठता येतात. रूपकुंड मात्र सुमारे ५००० मीटरवर असून तो वेगळ्याच तयारीचा विषय आहे. येथे पाण्याची जागा प्राणवायू घेतो. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, ३००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि लहान मूल डोके दुखते असे न सांगता केवळ चिडचिड करते किंवा जेवत नाही, त्यामुळे लक्षण ओळखण्याची जबाबदारी पालकांची राहते. त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, ती तंबूंच्या गर्दीने गवत नष्ट होत असल्याने.

गर्दीचा हाच प्रश्न आता कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडावर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा भर व्यावसायिक आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षा यांवर आहे, आणि स्वतःच्या जबाबदारीवर निघणारे कुटुंब त्यात जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना योसेमिटीसारख्या उद्यानात रानात मुक्काम करायचा तर परवाना घ्यावा लागतो, प्रत्येक वाटेवर दिवसाकाठी ठरावीकच माणसे सोडली जातात, आणि अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवण्याची सक्ती असते. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन टोकांपेक्षा अशी मोजदाद अधिक न्याय्य आहे. ती आपल्याकडे आली, आणि तिच्या शुल्कातून टाक्यांचा गाळ काढणे, वाटांवर दिशादर्शक खुणा करणे व गावातल्या वाटाड्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण देणे झाले, तर बारी, पाचनई, उधेवाडी यांसारख्या गावांना उत्पन्नही मिळेल आणि कुटुंबांना भरवशाचा माणूसही.

तोवर खरवई-बदलापूरच्या ज्या कुटुंबाला प्रथमच निघायचे आहे, त्याने डिसेंबरातला एखादा आडवार धरून राजमाची निवडावी. उधेवाडीत आधी कळवून मोठी किती, लहान किती आणि टाक्या-तलावांत पाणी किती याची खात्री करून घ्यावी, घरी परतीची वेळ लिहून ठेवावी, गावातले जेवण व मुक्काम यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि आपला सगळा कचरा त्याच सॅकमधून लोकलने परत आणावा.